ब ला पुन्हा चौथीत बसवावं

शिरगाव, डिचोली
५ जुलै १९७६

ति. सुलोचनाताईस,
सा. न. वि. वि.

पत्राच्या कडेला तांबडी बोटं उमटली आहेत, ती माझ्या आळसाची समजू नकोस. आमच्या खाणीचा चिखल पावसात दारापर्यंत येतो आणि घरातल्या प्रत्येक वस्तूला हात लावून जातो.

कळवण्यास कारण, मी यंदा पणजीला बी.एड. करतोय हे मामांकडून कळलं असेलच. आम्हाला प्रत्येकी एक प्रकल्प करायचा असतो. माझा विषय भोबे सरांना फार पसंत पडला: 'निरनिराळ्या कुवतीचे विद्यार्थी गणित सोडवताना कसा विचार करतात.' उत्तर बरोबर की चूक हे आजवर सगळ्या मास्तरांनी तपासलं. पण उत्तरापर्यंत पोचताना पोराच्या डोक्यात काय चालतं, ते कोणी पाहिलंय? ते मी पाहणार आहे. म्हणजे तू पाहणार आहेस, कारण सातवीचा वर्ग तुझ्याकडे आहे.

तुझ्या वर्गातून तिघांना निवड. एक हुशार, एक मध्यम, एक मंद. एकेकाला वेगळं बसवून खालची दोन उदाहरणं घाल आणि जे मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांग. शब्द न् शब्द उतरवून घे, थांबले तर तेही लिही. मदत मात्र करायची नाही. तुला ती खोड आहे म्हणून मुद्दाम लिहितो.

पहिलं: पिंपात ४५ लिटर दूध आहे. पाऊण लिटरच्या किती बाटल्या भरतील?
दुसरं: एक पातोळी वाफवायला वीस मिनिटं लागतात. एकाच मोदकपात्रात बारा पातोळ्या एकदम ठेवल्या तर किती वेळ लागेल?

दुसऱ्यात सापळा आहे, तुला सांगायला नकोच.

तुझा,
गुरुदास

---

कोरगाव, पेडणे
१९ जुलै १९७६

चि. गुरुदास यास अनेक आशीर्वाद.

पोराच्या डोक्यात काय चालतं ते कोणी पाहिलं नाही म्हणतोस? तू सुट्टीत आमच्याकडे यायचास आणि मी तुला पावकी शिकवायचे, तेव्हा मी पाहिलं होतं. काही चालत नव्हतं.

खरं म्हणजे मला वेळ नाही. माझ्या वर्गात सत्यवती नावाची मुलगी आहे, पहिलीपासून माझ्याच हाताखाली आणि पहिलीपासून पहिला नंबर. बाप कृष्णनाथ दुकानदार. पैशाची तशी ददात नाही, पण मुलगी सातवी झाली की दुकानाच्या गल्ल्यावर बसवायची हे त्याने ठरवून टाकलंय. मी पायऱ्या झिजवल्या तेव्हा एवढंच कबूल केलं, की जानेवारीतल्या परीक्षेत शिष्यवृत्ती मिळाली तर म्हापशाच्या हायस्कुलात पाठवीन, नाहीतर तुम्ही पुन्हा विषय काढायचा नाही. शाळेतून एकच नाव जातं. ते तिचंच जाणार. पण तुझ्या प्रकल्पापायी माझे दोन तास गेले, ते तिच्या वाट्याचे होते हे लक्षात ठेव.

तर तिघांची टिपणं खाली देते. नावं देत नाही. तू शास्त्रज्ञ आहेस, कोण हुशार आणि कोण मंद ते तूच ओळख. मी मदत केलेली नाही. खुर्चीत गप्प बसून होते, तोंडातून अक्षर काढलं नाही.

अ, पहिलं उदाहरण: "पंचेचाळीस... गुणाकार? (थांबली.) नाही, वजाबाकी... (थांबली.) भागाकार. हो, भागाकार. पंचेचाळीस भागिले पाऊण. उत्तर कमी येणार... नाही, जास्त येणार. साठ." दुसरं: "बारा गुणिले वीस, दोनशे चाळीस मिनि... (थांबली.) नाही. वीस? वीसच."

ब, पहिलं: "एक मोठी संख्या, एक लहान संख्या, म्हणजे भागाकार. भागणारा अपूर्णांक उलटा करायचा. चार तृतीयांश. गुणिला. साठ. झालं." दुसरं: "एकीला वीस, तर बाराला बारा विसे. चार तास. याच्यात कठीण काय आहे?"

क, पहिलं: "पाऊण लिटराची बाटली? ती दुधाची नाय बाई, काजूच्या दारूची, हुर्राकाची." मग बराच वेळ काही नाही. चेहरा म्हणजे सारवलेली भिंत. "लिटराची असती तर पंचेचाळीस लागती. ही ल्हान, म्हणजे जास्त लागती. तीन लिटरांक चार." मग कागदावर चार-चार बाटल्या काढत बसली. पान भरलं तेव्हा म्हणाली, "पान सोपला." दुसरं पान मागायला लाजली, म्हणून उत्तर नाही. दुसरं उदाहरण: "वीसच. पण खालच्यो आदी शिजतत."

आता सांग तुझं शास्त्र काय म्हणतं ते. आणि उत्तर घरच्या पत्त्यावर घाल, शाळेच्या नको.

तुझी,
सुलोचनाताई

---

शिरगाव
२५ जुलै १९७६

ति. सुलोचनाताईस सा. न. वि. वि.

टिपणं मिळाली. उत्तम उतरवली आहेस. निष्कर्ष काढायला मला एक चहा पुरला.

क ही तुझी सत्यवती. अगोदर अंदाज बांधते, मग तपासते, अर्थ सोडत नाही. उत्तर आलं नाही ही कागदाची चूक. अ मध्यम आहे. अंधारात चाचपडते, जे हाताला लागेल ते धरते आणि नशिबाने पोचते. ब बद्दल वाईट वाटतं. नियम पाठ, पण कशाचा कशाला संबंध नाही. अशा मुलाला सातवीत ठेवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. ब ला पुन्हा चौथीत बसवावं आणि मणी मोजण्यापासून सुरुवात करावी, असं मी प्रकल्पात स्वच्छ लिहिलं आहे. भोबे सरांना वाचून दाखवलं. त्यांना ब फार आवडला. म्हणाले, हा मुलगा मला प्रत्यक्ष बघायचा आहे.

आई तुला गणेशचवथीला बोलावतेय.

तुझा,
गुरुदास

---

कोरगाव
१ ऑगस्ट १९७६

चि. गुरुदास यास आशीर्वाद.

पत्र शाळेच्या पत्त्यावर घातलंस ना? आमच्या अनंत हेडमास्तरांची रीत अशी, की शाळेत आलेलं टपाल कोणाच्याही नावाचं असो, पहिल्यांदा ते वाचणार. गावात कोणाला याचं काही वाटत नाही. निम्म्या लोकांना त्यांचं टपाल तेच वाचून दाखवतात.

तर तुझं पत्र हातात घेऊन ते माझ्या वर्गात आले. चष्मा कपाळावर. म्हणाले, "बाई, हा ब कोण? फार वाईट वाटलं. अशा पोराला टाकून चालणार नाही. त्याला रोज शाळा सुटल्यावर माझ्याकडे पाठवा, मी त्याचा पाया पक्का करतो." मी म्हटलं, आहे एक पोर, जरा लाजतं, हळूहळू पाठवते. आणि फळा पुसायला वळले, कारण तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती.

गुरुदास, ब म्हणजे आमचे हेडमास्तर. मी टिपणं घेत होते तेव्हा ते हात मागे बांधून आत आले. काय चाललंय, काय उदाहरण आहे, म्हणत त्यांनी तिथल्या तिथे सोडवून दाखवलं, मोठ्याने. पेन माझ्या हातात होतंच. भोबे सरांना बघायचे असतील तर अवश्य पाठव, आमच्या शाळेत चहा चांगला मिळतो.

आता बाकीचं. तुझी हुशार क म्हणजे शेवंती. सातवीत दुसऱ्यांदा बसलीय. घरची माणसं सावंतवाडीकडची, इथे भाटकाराच्या काजूच्या बागेत कामाला आहेत. गणितात गेल्या वर्षी तिचे किती गुण होते ते लिहीत नाही. आणि तुझी चाचपडणारी, नशिबाने पोचणारी अ, ती माझी सत्यवती. पहिलीपासून पहिला नंबर.

तिन्हीच्या तिन्ही चुकलास. कोणी अगदी डोळे मिटून चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी एखादी बरोबर आली असती.

तुझी,
सुलोचनाताई

---

शिरगाव
६ ऑगस्ट १९७६

ति. सुलोचनाताईस सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रानंतर दोन दिवस मी ताटावरून अर्धवट उठत होतो. आईला वाटलं पोट बिघडलंय, तिने मला ओव्याचं पाणी पाजलं.

मग चिडून टिपणं पुन्हा वाचली. ब आणि क बद्दल हरलो, मान्य. पण अ चं काहीतरी बसत नाही. ताई, ती विचार कुठे करते? 'गुणाकार' म्हणते आणि थांबते. 'वजाबाकी' म्हणते आणि थांबते. प्रत्येक वेळी थांबल्यावर दुरुस्त करते, पण मधे एक शब्दही बोलत नाही. चूक आहे हे तिला कोण सांगतं? पहिला नंबर येणाऱ्या मुलीच्या तोंडून एक तरी 'म्हणून' निघायला नको?

माझा एकच प्रश्न आहे. थांबते तेव्हा ती बघते कुठे?

रागावू नकोस.

तुझा,
गुरुदास

---

कोरगाव
२२ ऑगस्ट १९७६

चि. गुरुदास यास आशीर्वाद.

रागावले. इतकी, की दोन आठवडे तुला लिहायचं नाही असं ठरवलं. जो स्वतः पावकीत अडखळायचा तो माझ्या सत्यवतीला बोल लावणार. तुला खोटं पाडायचं म्हणून मी एक युक्ती केली. वर्गात गोव्याचा मोठा नकाशा आहे, लाकडी स्टँडवर टांगलेला. शाळा सुटल्यावर सत्यवतीला थांबवलं, नकाशामागे उभी राहिले आणि तिथून उदाहरण घातलं: साडेतेरा मीटर कापडातून पाऊण मीटरचे किती तुकडे निघतील? बाटल्यांचंच भावंड आहे, तिला सहज यायला हवं.

"भागाकार?" म्हणाली. मी गप्प. "गुणाकार?" मी गप्प. मग म्हणाली, "बाई, तुमी थंय आसात मगो?" आणि सत्तरी तालुक्याच्या बाजूने डोकं आत घालून माझ्याकडे बघितलं.

मी विचारलं, माझ्याकडे काय बघतेस? तिला प्रश्नच कळला नाही. अगदी सरळपणे म्हणाली, "चुकला काय तुमी बांगडी फिरवतास. बरोबर जाला काय थांबतास." परीक्षेतही तसंच. मी बाकांमधून फिरते, ही एका ओळीवर बोट ठेवून थांबते, आणि मी मेली हातातली बांगडी फिरवत उभी राहते. इतकी वर्षं माझ्या हातालाच हे माहीत होतं, मला नव्हतं. मी म्हटलं, अगं, हे गणित नव्हे. तर तिचे डोळे भरले. "तुमीच रोज सांगतास मगो, सगळ्यांनी माझ्याकडे बघा म्हणून."

सांगते मी. दिवसातून दहादा सांगते. पंचवीस मुली कुठेतरी बघत असतात. एकीने माझं ऐकलं.

घरी येऊन मी रडले. तिची चोरी म्हणून नव्हे, चोरी तिने केलीच नाही. जानेवारीत परीक्षेला म्हापशाच्या मोठ्या हॉलात तिच्यासमोर कोण असणार? आणि नंतर गल्ल्यावर आयुष्य काढायचं ते कोणी? नाव अजून पाठवायचं आहे. हेडमास्तरांना सांगू का?

तुझी,
सुलोचनाताई

---

शिरगाव
४ सप्टेंबर १९७६

ति. सुलोचनाताईस सा. न. वि. वि.

हेडमास्तरांना एक अक्षर सांगू नकोस. नाव सत्यवतीचंच जाऊ दे. जी मुलगी एका बांगडीवरून सात वर्षं पहिला नंबर काढते, ती मूर्ख असणं शक्य नाही. तिला कधी गणित करायची गरजच पडली नाही, एवढंच.

मी भोबे सरांना विचारलं, नाव न सांगता. त्यांनी तीन पुस्तकांची नावं दिली. ती तुला पाठवत नाही, कारण मी चाळली आणि त्यांत बांगडीचा उल्लेख नाही.

पण तुझ्याच टिपणात एक औषध आहे. क बद्दल तू लिहिलं होतंस, चेहरा म्हणजे सारवलेली भिंत. मग सत्यवतीला त्या भिंतीसमोर बसव. तू वर्गाबाहेर जा, आणि तिला म्हणावं, शेवंतीला गणित शिकव. शेवंतीला समजलं की नाही हे तिच्या तोंडावरून कधीच कळणार नाही. मग हिला करायचं काय? समजावण्यावाचून गत्यंतर नाही.

आमच्याकडे चवथीला पातोळ्या झाल्या. मी घड्याळ लावून बसलो होतो. आईने मला स्वयंपाकघरातून हाकललं.

तुझा,
गुरुदास

---

कोरगाव
१७ ऑक्टोबर १९७६

चि. गुरुदास यास आशीर्वाद.

जन्मात पहिल्यांदा तुझं ऐकलं, आणि सुरुवातीचे दिवस तुला शिव्या घालण्यात गेले.

सत्यवती शेवंतीला म्हणाली, अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. शेवंतीने कारण विचारलं, "कित्याक?" सत्यवतीने तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. शेवंती म्हणाली, "तां कळला. पण कित्याक?" चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही, काही नाही. सत्यवतीने इकडेतिकडे बघितलं. मी दाराआड, हात पदराखाली. मग सत्यवती रडली, वही आपटली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कृष्णनाथ मला दुकानातून हाक मारून विचारतो, बाई, मुलगी घरात भिंतीशी भांडते, काय शिकवताय?

मग एके दिवशी सत्यवती धावत आली. तोंडाला भात लागलेला. एक लिटर दूध ओतलं की पाऊण लिटरची एक बाटली भरते आणि वर उरतं ते बाटलीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. म्हणजे प्रत्येक लिटराला एक बाटली आणि एक तृतीयांश. चार तृतीयांश! "म्हणून उलटा करतत, बाई." तू 'म्हणून' मागितला होतास ना, हा घे. शेवंतीने ते ऐकलं, मान हलवली आणि बाटल्या काढायचं सोडून पंधरा चोक साठ असं लिहिलं. एका ओळीत मावलं.

सगळंच असं सोपं झालंय असं समजू नकोस. काळ-काम-वेगाला दोघी अजून भांडतात, आणि सत्यवती अधूनमधून माझ्या पदराखाली नजर टाकते. सवय लगेच जात नाही, तिची आणि माझीही.

दुसरी गोष्ट ऐक. हेडमास्तरांनी ब चा ध्यास सोडला नव्हता. रोज विचारायचे, ब आला नाही? शेवटी मी ब म्हणून शेवंतीलाच त्यांच्याकडे पाठवलं. पहिल्या दिवशी त्यांनी शिकवलं, एक मोठी संख्या आणि एक लहान संख्या आली की भागाकार. आता पुढे काय झालं असेल ते तूच ताड. त्या आठवड्यात चहाच्या वेळी ते माझ्याशेजारी येऊन बसले, खाकरले आणि म्हणाले, "बाई, एक पोर विचारत होतं म्हणून विचारतो. अपूर्णांक उलटा नेमका का करतात?" मी बाटल्यांवरून सांगितलं. त्यांनी टेबलावर बोटाने बाटल्या काढून मोजल्या. उठताना हळूच म्हणाले, "आणि त्या पातोळ्यांचं मी घरी विचारलं. वीसच मिनिटं लागतात."

भोबे सरांना कळव, ब ची प्रगती समाधानकारक आहे. चौथीत बसवायची गरज पडली नाही.

तुझी,
सुलोचनाताई

---

शिरगाव
२० जानेवारी १९७७

ति. सुलोचनाताईस सा. न. वि. वि.

परवा परीक्षा झाली असेल. तुझं पत्र नाही म्हणून जीव खालीवर होतोय. पेपर कसा गेला? ती रडली का? मी इकडे प्रकल्प पुरा केला. भोबे सरांनी शेवटच्या पानावर शेरा मारलाय: 'निष्कर्ष सुरुवातीला चुकीचे, नंतर उपयोगी.' आई म्हणते हे माझ्या लग्नपत्रिकेवर छापू या.

काही का असेना, दोन ओळी टाक.

तुझा,
गुरुदास

---

कोरगाव
१० एप्रिल १९७७

चि. गुरुदास यास अनेक आशीर्वाद.

मुद्दामच लिहिलं नाही. परीक्षेहून ती आली तेव्हा पेपर नीट गेला नाही एवढंच म्हणाली, आणि मलाही पुढे विचारायचा धीर झाला नाही. तुला काय लिहिणार होते?

काल यादी आली. सत्यवतीचं नाव आहे. बरंच खाली आहे, शेवटाकडे. पहिलीपासून पहिला नंबर घेणारी मुलगी आयुष्यात पहिल्यांदा खाली गेली, आणि मला वाटतं, आजवरचा तिचा स्वतःचा असा हा पहिलाच नंबर. मी यादी घेऊन दुकानात गेले. कृष्णनाथने ती उलटसुलट वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाला, शब्द म्हणजे शब्द. जूनमध्ये ती म्हापशाला जाणार. शेवंती सातवी सुटेल असं दिसतंय. हेडमास्तर तिला गणिताचं पुस्तक बक्षीस देणार आहेत. मला वाटतं आधी ते स्वतः वाचतील, टपालासारखं.

संध्याकाळी सत्यवती पेढे घेऊन आली. आता विचारायला हरकत नव्हती. मी म्हटलं, त्या दिवशी हॉलात अडलीस तेव्हा काय केलंस? ती जरा लाजली. मग म्हणाली, "थंयच्या मास्तरांच्या तोंडाकडे बघलंय, बाई. मस्त वेळ बघलंय. तेंकाच गणित येत नव्हतां." मी हसले, पण तिचं संपलं नव्हतं. "मगे डोळे मिटलंय आणि शेवंतीक समोर बसयलंय. ती कित्याक, कित्याक म्हणत रवली आणि मी सांगत गेलंय."

तुमच्या गावच्या लईराई देवीच्या जत्रेला मी येते. आत्येला सांग, तुझी पावकीही घेईन.

एक लिहायचं राहिलं. हे सगळं सांगताना सत्यवती खिडकीबाहेर बघत होती, माझ्या हाताकडे तिने एकदाही पाहिलं नाही. बांगडी मीच फिरवत बसले होते.

तुझी,
सुलोचनाताई